गुदाशयाचा कर्करोग आणि किरणांचा नेम

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा भाग. तो ओटीपोटाच्या तळाशी, हाडांच्या अरुंद कोंदणात बसलेला असतो. त्याच्या पुढे मूत्राशय, पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी, स्त्रियांत गर्भाशय, मागे त्रिकास्थी आणि वर लहान आतड्याची वेटोळी असतात. या दाटीत शल्यविशारदाचा हात सहज चालत नाही आणि किरण सोडले तर शेजारच्या अवयवांना झळ लागते. येथील कर्करोगाच्या उपचारांचा इतिहास बराचसा या दाटीनेच घडवला.

लंडनचे अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ मध्ये पोटाकडून आणि गुदद्वाराकडून अशा दोन्ही बाजूंनी संपूर्ण गुदाशय काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. रुग्ण वाचू लागले, पण मलविसर्जनासाठी पोटावर कायमचे छिद्र घेऊनच. त्यातही अनेकांच्या ओटीपोटात गाठ पुन्हा उगवे. ती हाडांत आणि मज्जातंतूंत शिरून असह्य वेदना देई आणि दुसऱ्यांदा काढणे बहुधा शक्य नसे. किरणोपचाराकडे डॉक्टर वळले ते मुख्यतः ही पुन्हा उगवणारी गाठ रोखण्यासाठी.

क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. सुरुवातीच्या यंत्रांचे किरण त्वचा भाजत आणि खोलवर पोचण्याआधीच क्षीण होत. फ्रान्समधील लियाँ येथे झाँ पापियाँ यांनी या दुबळेपणाचाच उपयोग केला. लहान गाठींसाठी ते गुदद्वारातून नळी आत नेत आणि सुमारे ५० किलोव्होल्टचे, काही मिलिमीटरच शिरणारे किरण थेट गाठीवर सोडत. गाठ विरघळे आणि आसपासचे अवयव बचावत. मोठ्या गाठींवर मात्र ही पद्धत चालत नव्हती. तेथे खोल पोचणारे किरण हवे होते. ते १९५१ मध्ये कॅनडात सुरू झालेल्या कोबाल्ट यंत्रांनी आणि १९५३ पासून लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील लिनिअर अ‍ॅक्सिलरेटरने दिले.

खोली साधली, पण नेम साधला नव्हता. याचा सर्वांत कठोर धडा स्वीडनने घेतला. १९८० ते १९८७ या काळातील पहिल्या स्टॉकहोम अभ्यासात शस्त्रक्रियेआधी पाचसात दिवसांत २५ ग्रे इतकी किरणमात्रा देण्यात आली. किरण पुढून आणि मागून अशा दोनच बाजूंनी येत आणि त्यांचे क्षेत्र कमरेच्या वरच्या मणक्यांपर्यंत पसरलेले असे. गाठ पुन्हा उगवण्याचे प्रमाण घटले. पण शस्त्रक्रियेनंतर दगावणाऱ्यांचे प्रमाण किरण घेतलेल्यांत ८ टक्के निघाले, न घेतलेल्यांत २ टक्के. पुढच्या अभ्यासात मात्रा तीच ठेवली, क्षेत्र आखूड केले आणि किरण चार बाजूंनी दिले. मृत्यूंचे प्रमाण २ टक्क्यांपर्यंत उतरले. किरणोपचारात किती द्यायचे याइतकेच कोठे द्यायचे हेही जिवाशी निगडित आहे, हे यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसले असेल.

१९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक स्वीडिश अभ्यासात १,१६८ रुग्ण होते. आठवडाभराच्या किरणांनी गाठ पुन्हा उगवण्याचे प्रमाण २७ वरून ११ टक्क्यांवर आले आणि पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ४८ वरून ५८ टक्के झाले. त्याआधीच इंग्लंडमधील बेझिंगस्टोक येथे बिल हील्ड यांनी गुदाशयाभोवतीचे चरबीचे आवरण अखंड काढण्याची शस्त्रक्रिया रूढ करण्यास सुरुवात केली होती. एवढे स्वच्छ काम झाल्यावर किरण हवेत कशाला, हा प्रश्न रास्त होता. डच अभ्यासाने २००१ मध्ये उत्तर दिले : दोन वर्षांत पुन्हा उगवण्याचे प्रमाण केवळ शस्त्रक्रियेनंतर ८.२ टक्के, आधी किरण दिल्यास २.४ टक्के.

किरण आधी की नंतर, हा वाद जर्मन अभ्यासाने २००४ मध्ये मिटवला. आधी दिलेल्यांत गाठ ६ टक्क्यांना पुन्हा उगवली, नंतर दिलेल्यांत १३ टक्क्यांना. दीर्घकालीन तीव्र दुष्परिणामही आधी दिल्यास कमी होते. कारण समजण्याजोगे आहे. गुदाशय काढल्यावर लहान आतडे रिकाम्या जागेत उतरून चिकटते आणि थेट किरणांच्या वाटेत येते.

लहान आतडे हाच खरा अडसर होता. त्यासाठी रुग्णाला मध्ये पोकळी असलेल्या फळीवर पालथे झोपवत, म्हणजे पोट खाली लोंबून आतडी दूर होत. मूत्राशय भरलेले ठेवूनही आतडी वर ढकलली जात. सीटी स्कॅनमुळे गाठीचा त्रिमितीय नकाशा मिळू लागला. स्टॉकहोमचेच भौतिकशास्त्रज्ञ अँडर्स ब्राह्मे यांनी १९८० च्या दशकात वेगळा विचार मांडला : आधी हवी ती किरणमात्रेची आकृती ठरवावी आणि ती साधेल असे झोत गणिताने शोधावेत. यातून तीव्रता-नियंत्रित किरणोपचार, म्हणजे आयएमआरटी, आला. टंगस्टनच्या सरकत्या पट्ट्या झोत क्षणोक्षणी कापतात आणि मात्रा गुदाशयाला नालाच्या आकारात वेढते. आतडे नालाच्या पोकळीत राहते. आता उपचाराच्या मेजावरच स्कॅन घेऊन त्या दिवशीची जागा पडताळता येते.

या यंत्रांचे कौतुक मात्र मापात हवे. आतड्यांना जाणारी मात्रा त्यांनी घटवली हे खरे. पण अमेरिकेतील आरटीओजी ०८२२ अभ्यासात आयएमआरटी वापरूनही पोटाचे त्रास अपेक्षेइतके कमी झाले नाहीत. गाठ पुन्हा उगवण्यातली मोठी घट तर या यंत्रांच्या प्रसाराआधीच, उपचारांचा क्रम आणि शस्त्रक्रियेची शिस्त बदलल्याने झाली होती.

नेमाइतकाच, कोणता उपचार कोणाला टाळता येईल हाही प्रश्न होता. साओ पावलोच्या अँजेलिता हाबर-गामा यांनी २००४ मध्ये दाखवले की किरण व कर्करोगविरोधी औषधांनी गाठ पूर्ण नाहीशी झालेल्या निवडक रुग्णांवर शस्त्रक्रिया न करता कडक देखरेख ठेवता येते. फ्रान्समधून निघालेल्या ओपेरा अभ्यासात पापियाँ यांच्या पद्धतीचे नवे रूप नेहमीच्या किरणांना जोडले. लहान गाठींच्या त्या रुग्णांपैकी ८१ टक्क्यांचा गुदाशय तीन वर्षांनंतर शाबूत होता, जोड नसलेल्यांत ५९ टक्क्यांचा. २०२३ मध्ये प्रॉस्पेक्ट अभ्यासाचे निष्कर्ष आले : मध्यम जोखमीच्या निवडक रुग्णांना आधी केवळ औषधे दिली तर दहातील नऊंहून अधिक जणांना शस्त्रक्रियेपूर्वी किरणांची गरज पडली नाही, आणि पाच वर्षे रोगमुक्त राहण्याचे प्रमाण या आणि नेहमीप्रमाणे आधी किरण घेतलेल्या अशा दोन्ही गटांत ८० टक्क्यांच्या आसपासच राहिले.