डेलिया: मेक्सिकोची खरीप, आमची रब्बी

वनस्पतींची नावे ठेवताना विद्वान मंडळी पुष्कळदा फुलाचा विचार न करता आपल्या स्नेह्यांचा करितात. डेलिया हे नाव ज्या आंद्रेआस डाल नामक स्वीडिश पंडिताचे आहे, तो लिनियसचा शिष्य होता. परंतु ह्या फुलाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तो १७८९ साली वारला. त्याच वर्षी मेक्सिकोतील वनस्पतिउद्यानाहून माद्रिदच्या राजोद्यानास ह्या झाडाचे बी आले, आणि १७९१ साली तेथील आचार्य कावानिल्येस यांनी त्यास डालचे नाव दिले. पुढे जर्मनीत विल्डेनोने तेही बदलून गेओर्गी नावाच्या दुसऱ्या पंडितावरून 'गेओर्गिना' असे केले व जर्मन लोक दीर्घकाळ तेच वापरीत राहिले. ह्या गडबडीत मूळ नाव मात्र मागे पडले. मेक्सिकोचे रहिवासी ह्या झाडांस पोकळ दांड्यावरून पाण्याची नळी अशा अर्थाच्या शब्दाने ओळखीत. मोठ्या जातीचा दांडा खरोखरच वेळूसारखा पोकळ असतो. नावात झाड दिसत होते. नव्या नावात माणूस दिसू लागला.

तत्पूर्वी दोनशे वर्षे स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाने एर्नांदेस ह्या वैद्यास मेक्सिकोत धाडिले होते. १५७१ ते १५७७ पर्यंत त्याने तेथील वनस्पतींची चित्रे व वर्णने जमविली, त्यांत ही झाडे आहेत. त्याची मूळ हस्तलिखिते १६७१ च्या एस्कोरियालच्या आगीत जळाली; सुदैवाने त्यांतील काही भाग १६५१ मध्येच रोम येथे छापून झाला होता. एर्नांदेस तिकडे रोपे धुंडाळीत होता त्याच सुमाराच्या पिढीत इकडे बीड येथे अहमदनगरच्या मुर्तजा निजामशाहाच्या सलाबतखानाने खजाना विहीर बांधविली आणि भूमिगत कालव्याने शेतास पाणी पोचविले. ह्या दोन गोष्टींत काही नाते नाही. तथापि बीड जिल्ह्यात फुलांविषयी बोलू लागताच पाण्याची गोष्ट निघतेच, म्हणून येथेच सांगून ठेवितो.

युरोपात प्रथम डेलियाचा कंद बटाट्यासारखा खाता येईल काय, हे पाहण्यात आले. त्यात पिष्ट नसून इन्युलिन नावाचे द्रव्य असते. चव लोकांस रुचली नाही, आणि स्वयंपाकघरातून हे झाड बागेत गेले. आजच्या बागेतील डेलियात गुणसूत्रांचे आठ संच, म्हणजे एकंदर चौसष्ट गुणसूत्रे असतात. एवढी मोठी पेटी प्रत्येक पिढीत नव्याने पिसली जात असल्यामुळे बियांपासून उगवलेले झाड आईसारखे निघेल ही आशा व्यर्थ होय. आवडलेले फूल पुढील वर्षी पाहावयाचे तर कंद राखावा अथवा कलम करावे. तिसरा मार्ग नाही.

ह्याच एका गोष्टीने आमच्या देशात त्याचे भाग्य ठरले, असे आम्हांस वाटते. झेंडू, निशिगंध हे डेलियाचे खासे देशबंधू. सीताफळही अमेरिका खंडातलेच. पैकी झेंडू दसऱ्याच्या तोरणात जाऊन बसला, आणि सीताफळ बालाघाटाच्या उघड्या टेकड्यांवर असे रुजले की बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक निर्देशनाचा मान मिळाला. त्यास परके म्हणण्याचे धाडस आज कोण करील? झेंडूची वाळलेली फुले चुरगळून फेकली तरी चालते. डेलियास घरात एक राखणदार लागतो. कलकत्त्यास १८२० मध्ये बागायतसंस्था काढणारे विल्यम केरी (मराठीचे व्याकरण १८०५ साली छापणारे तेच हे) किंवा गणेशखिंडीच्या बागेचे वुड्रो ह्यांच्यासारख्यांच्या काळी साहेबांच्या बंगल्यांत माळी असत. डेलिया हे इंग्रजी वळणाचे उच्चारणच त्याची वाट सांगते: ते बंदरातून बाजारात आले नाही, बंगल्यातून वाड्यात आले.

आता वडवणीचे पाहू. वडवणी साधारण एकोणिसाव्या अक्षांशाच्या जवळ आहे; मेक्सिको शहरही तेथेच. म्हणजे दिवसाची लांबी, जिच्यावर कंद धरणे अवलंबून असते, दोन्हीकडे जवळपास सारखीच. भेद उंचीचा. ते शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरांवर, तर वडवणी सुमारे पाचशेवर. तेथे जूनच्या पावसाबरोबर डेलिया फुटतो, थंड पावसाळ्यात फुलतो आणि कोरड्या हिवाळ्यात निजतो. आमच्या काळ्या जमिनीत श्रावणात लावलेला कंद पाणी साचून सडतो. इंग्रजी पुस्तके तर पहिले हिम पडताच कंद उपटा म्हणतात; वडवणीत हिम कुठले? म्हणून आमच्या माळ्यांनी पंचांगच फिरविले. दसरा-दिवाळीच्या सुमारास लावणी, पौष-माघात फूल: शाळूबरोबर पेरणी व शाळूबरोबर काढणी. मेक्सिकोचे खरीप आम्ही रब्बी करून टाकिले. हा बदल आम्हांस कोणत्याही नव्या वाणाहून मोठा वाटतो.

परंतु ह्या नव्या पंचांगाचा एक कठोर परिणाम आहे. दिवाळी सरताच वडवणी-धारूरकडील कित्येक घरे ओस पडतात. माणसे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊस तोडावयास जातात आणि उन्हाळ्यात परततात. डेलियाचा सारा हंगाम त्यांच्या गैरहजेरीचा. म्हणून ह्या गावी हे फूल शिक्षक, दुकानदार, कारकून यांच्याच अंगणात शोभावे, ह्यात नवल नाही. दोष मात्र फुलाचा नाही.

पाण्याचा आक्षेप अधिक गंभीर आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातुरास आगगाडीने पाणी न्यावे लागले. अशा मुलखात शोभेच्या झाडास पाणी घालणे शोभते काय? आमचे उत्तर असे की, ज्या जिल्ह्यात उसाच्या पाण्याचा हिशेब क्वचितच कोणी मागतो, तेथे अंगणातल्या दोन आळ्यांवर डोळे वटारणे अन्यायाचे आहे. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी त्यांना पुरते. साबण-सोड्याचे मात्र नको. आणि कडक उन्हाळ्यात, पाण्याची खरी ओढ असते तेव्हा, डेलिया काहीच मागत नाही.

जमीन काळी असल्यास वाळू व कुजलेले शेणखत मिसळून वाफा उंच करावा. आधाराची काठी कंद पुरण्यापूर्वीच रोवावी. मागाहून रोवल्यास ती कंदातूनच जाते. पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडावा, आणि मोठे फूल हवे असल्यास मधली कळी ठेवून बाजूच्या काढाव्या. घरातील मुलांस हे काम क्रूर वाटते, म्हणून ते स्वतः करावे. फाल्गुनात पाने पिवळी पडली की पाणी तोडावे, आठ-दहा दिवसांनी कंद उकरून सावलीत सुकवावे आणि मडक्यात कोरड्या वाळूत घालून घराच्या गार कोपऱ्यात ठेवावे. अधूनमधून मडके उघडून सडका कंद काढून टाकावा. गणपतीनंतर कंद विभागावयाचे ते मात्र दांड्याची मान सांभाळून, कारण डोळा मानेवर असतो. नुसता गरगरीत कंद कितीही निरोगी दिसला तरी फुटत नाही.