परका दाणा, गावची माती

दक्षिण फ्रान्सची ओळख करून घ्यायची तर कालव्याच्या वाटेने, सावकाश जावे. १६६६ साली पिएर-पॉल रिके याने तिथे ‘कनाल द्यू मिदी’ हा कालवा खोदायला घेतला. लांबी सुमारे २४० किलोमीटर. १६८० मध्ये रिके वारला. १६८१ मध्ये कालवा खुला झाला. काठाने चालणारे घोडे बोटी ओढत. तुलूजहून निघालेले प्रवासी वाटेत जेवत, मुक्काम करत, चौथ्या दिवशी समुद्राजवळ पोचत. १८५७ मध्ये रेल्वे आली आणि ही चाल मागे पडली.

या वाटेवरचे गाव कास्तेलनोदारी. तिथला ‘कासुले’ प्रसिद्ध आहे. पांढरा घेवडा आणि डुकराचे, बदकाचे मांस मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचे. गावकरी सांगतात, १३५५ साली इंग्रजांनी वेढा घातला तेव्हा घरोघरचे उरलेसुरले एकत्र शिजवले, तोच पहिला कासुले. इंग्रजांचा हल्ला खरा. पण हा घेवडा मूळचा अमेरिकेचा, आणि कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली! मग वेढ्यातल्या भांड्यात तो आला कुठून?

नाव मात्र अस्सल गावचे. शेजारच्या इसेल गावी कुंभार ‘कासोल’ नावाचे मातीचे पसरट भांडे घडवत, त्यावरून ‘कासुले’. दाणा परका, भांडे घरचे. आपला साताऱ्याकडचा वाघ्या घेवडाही त्याच अमेरिकी जातीचा. त्याला आज कोण परका म्हणेल? गावाची चव वंशावळीतून येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या एका चुलीवर शिजता शिजता ती गावची होते.