डोक्याला मार बसणाऱ्या खेळाडूंना कॅप्सूल-पावडरचा उपयोग होतो का? जाणून घ्या

जत्रेतली कुस्ती असो की गावची कबड्डी, आपल्या खान्देशात पोरांच्या डोक्याला मार बसतोच. तोंडावर पाणी मारून पोरगं पुन्हा उतरवलं जातं. आता मेंदूसाठी म्हणून ओमेगा-३ च्या कॅप्सूल आणि क्रिएटिनचे डबेही विकले जातात. पण खरं काय?

आत काय होतं?
कवटीत मेंदू द्रवात असतो. धक्का बसला की तो आतल्या आत हलतो. टेंगूळ आलं नाही, शुद्ध हरपली नाही, तरी इजा होऊ शकते. आधीची इजा भरण्याआधी दुसरा मार बसला तर जिवावर बेतू शकतं.

कॅप्सूलचा फायदा?
अमेरिकेत २०१६ साली ८१ कॉलेज फुटबॉलपटूंवरचा अभ्यास आला. ओमेगा-३ मधला डीएचए घेणाऱ्यांच्या रक्तात मेंदूच्या इजेची खूण कमी वाढली. पण ही रक्तातली खूण झाली. मेंदू वाचतो हे त्यातून सिद्ध होत नाही. क्रिएटिनचंही तसंच, पक्का पुरावा नाही. जवसाची चटणी जरूर खा, पण जवसापासून शरीरात डीएचए फार थोडं बनतं. मासळीत ते थेट मिळतं.

डब्याचा धोका
काही पावडरींत बंदी असलेली औषधं मिसळलेली सापडतात. कुस्तीगीर नरसिंग यादव २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकआधी चाचणीत अडकले. खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं, असं त्यांचं म्हणणं होतं. क्रीडा लवादाने ते मानलं नाही, चार वर्षांची बंदी घातली. अंगात सापडलं तर जबाबदार खेळाडूच.

मार बसल्यावर काय करावं?
- लगेच खेळ थांबवा. त्या दिवशी पुन्हा उतरवू नका.
- चक्कर, मळमळ, डोकेदुखी, गोंधळणं, तेच तेच विचारणं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा.
- वारंवार उलटी, झटके, बेशुद्धी, डोकेदुखी वाढत जाणं, हातापायात कमजोरी असेल तर १०८ ला फोन करा.
- डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन, ब्रुफेन देऊ नका. रक्तस्राव वाढू शकतो.
- पहिले एक-दोन दिवस आराम, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू सराव.

क्रिकेटमध्ये २०१९ पासून डोक्याला मार बसलेल्याच्या जागी बदली खेळाडू चालतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सामन्यात शिवम दुबेच्या हेल्मेटला चेंडू लागला, तेव्हा हर्षित राणा उतरला. भारताच्या संघात खेळाडू बाहेर बसतो, तर गावच्या सामन्यात का नको? एक डाव गेला तर पुढच्या जत्रेत येईल, पण पोराचा मेंदू परत मिळणार नाही.