देवडीवरचा पहारा आणि परदेशची हाक

हैदराबादेस ३ ते ६ डिसेंबर २००८ या दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने इंटरनेटच्या कारभाराविषयीची तिसरी जागतिक परिषद भरली. मुंबईवरील हल्ल्यास जेमतेम आठवडा लोटला होता. तरी परिषद झाली. तीत चर्चेस आलेला एक विषय वरकरणी रुक्ष होता. इंटरनेटवरील पत्ते संपत आले, पुढे काय?

जुन्या पद्धतीतील पत्ते अवघे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे ओळखून १९९४ साली एगेव्हांग व फ्रान्सिस यांनी एक तोडगा सुचविला, आणि तो अल्पकाळापुरताच आहे असेही नमूद केले. घरातील यंत्रांना घरगुती पत्ते द्यावेत. बाहेर मात्र सर्वांनी एकच सार्वजनिक पत्ता सांगावा. हैदराबादेत अमीर-उमरावांच्या वाड्यांना देवडी म्हणत. आत माणसे अनेक, दरवाजा एक. घरचा राऊटर हा त्या दरवाजावरचा पहारेकरी होय. आतून कोणी कोणास पत्र धाडले याची तो नोंद ठेवतो व आलेले उत्तर त्यालाच पोहोचवितो. अनाहूतास मात्र परत लावतो.

पत्रव्यवहारास एवढे पुरले. दूरध्वनी मुळात अनाहूतच येतो! भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलण्यास मर्यादित मुभा मिळाली. पण काचीगुड्यातील आईचे शब्द अमेरिकेत पोहोचावेत आणि मुलाचे इकडे येऊच नयेत, असा प्रकार या योजनेत सहज घडे. घंटा मध्यस्थामार्फत वाजे. आवाज मात्र निरोपात लिहिलेल्या पत्त्यावर निघे, आणि तो पत्ता असे घरगुती, देवडीबाहेर निरर्थक.

मार्च २००३ मध्ये ‘स्टन’ ही रीत प्रसिद्ध झाली. बाहेरच्या एका परिचितास विचारावयाचे, “माझ्या पत्रावर तुम्हांस कोणता पत्ता दिसतो?” तो कळला की दोन्ही बाजूंनी एकाच वेळी हाक द्यावयाची, येणारी हाक प्रत्येक पहारेकऱ्यास उत्तरच वाटते. काही पहारेकरी मात्र दर व्यक्तीगणिक नवा क्रमांक देतात. तेथे आवाज तिसऱ्याच्या हातून न्यावा लागतो, ती ‘टर्न’. सर्व वाटा चाचपून चालती वाट निवडणारी ‘आइस’ ही रीतही तिच्याबरोबरच २०१० साली निश्चित झाली. मौज अशी की, काही राऊटर मदत म्हणून निरोपातील पत्ता स्वतःच खोडून लिहितात आणि घोटाळा वाढवितात. म्हणून जाणकार ही ‘मदत’ आधी बंद करतात. पहारेकरी विसराळूही असतो. दार उघडे राहावे म्हणून थोड्या थोड्या वेळाने त्याच्यापुढून कोरे पाकीट न्यावे लागते.

फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा संपला. नव्या पद्धतीत पत्ते विपुल आहेत. परंतु सुरक्षिततेसाठी पहारेकरी तेथेही दारावर ठेवतात, आणि दोन्हीकडून एकाच वेळी हाक देण्याची युक्ती तेथेही योजावी लागते.