‘माइनक्राफ्ट’मधील मंदगती : एक ऐतिहासिक टिपण

हिंजवडीत ‘माइनक्राफ्ट’ खेळणाऱ्याचा खेळ अडखळला की दोष बहुधा इंटरनेटला दिला जातो. या खेळाचा इतिहास पाहता हे निदान अपुरे होय. मार्कुस पर्सन यांनी २००९ साली जावा भाषेत रचलेल्या या खेळात चित्र रेखाटणे व जगाचा व्यवहार चालविणे ही कामे भिन्न आहेत. २०१२ च्या १.३ आवृत्तीपासून एकट्याच्या खेळासाठीही संगणकातच अंतर्गत सर्व्हर चालू लागला, आणि सर्व्हरची मंदगती घरात आली. सर्व्हरचे सेकंदास २० ठोके पडतात; एका ठोक्याचे काम ५० मिलिसेकंदांत न उरकल्यास जग रेंगाळते, चित्र मात्र सुरळीत हलत असते!

मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये हा खेळ विकत घेतला. २०१५ मध्ये पुण्यात तिचे डेटा सेंटर सुरू झाले. सर्व्हर असा जवळ असल्यास संदेशाचा प्रवास घटतो, परंतु सेकंदास दिसणाऱ्या चित्रांची संख्या त्यामुळे वाढत नाही. तीसाठी दृश्य-अंतरच कमी करावे लागते. ते १२ चंकांवरून (चंक म्हणजे सोळा ठोकळे लांबरुंद असा स्तंभ) ८ वर आणल्यास भोवतालच्या ६२५ चंकांचे २८९ होतात. जगाचा व्यवहार जेथवर चालतो ते अंतर जावा-आवृत्तीत निराळे ठरविण्याची सोय २०२१ साली, १.१८ मध्ये झाली.