डार्विनचा मका आणि एक ओळ

हास्केलमध्ये साध्या संख्याशास्त्रीय चाचण्यांसाठी छोटासा कोड शोधत होतो. टी-टेस्टची आकडेमोड दोन ओळींत होते हो, जड असते ती पी-व्हॅल्यू! त्यासाठी अपूर्ण बीटा फलन लागतं, आणि तेवढ्यासाठी अख्खी लायब्ररी ओढून आणायची.

उत्तर सापडलं रोनाल्ड फिशरच्या १९३५ सालच्या 'द डिझाइन ऑफ एक्स्परिमेंट्स'मध्ये. डार्विनने मक्याच्या रोपांच्या १५ जोड्या वाढवल्या होत्या, प्रत्येकीत एक परपरागित, एक स्वपरागित. फिशरचं म्हणणं, परागणाने उंचीत फरक पडतच नसेल, तर प्रत्येक फरकाचं चिन्ह अधिक की उणे हा निव्वळ योगायोग. मग सगळ्या शक्यताच मोजा ना! एकूण ३२,७६८. त्यांतल्या १,७२६ मध्ये बेरीज (कोणत्याही दिशेने) डार्विनच्या बेरजेइतकी किंवा तिच्याहून मोठी. म्हणजे ५.२७ टक्के. टी-टेस्ट म्हणते ४.९७. त्या सुप्रसिद्ध पाच टक्क्यांच्या एक अलीकडे, एक पलीकडे... गंमतच आहे.

हाताने मोजायला हे जिकिरीचं. फंक्शनल भाषेत मात्र पहिला फरक एकदा मिळवायचा, एकदा वजा करायचा, आणि उरलेल्या यादीला पुन्हा तेच. रिकर्शनची एक ओळ! जोड्या ४० झाल्या की शक्यता लाख कोटींच्या वर जातात. तिथे मी चिठ्ठ्या टाकून दहा हजारच मोजतो.