सात पिढ्यांची प्रार्थना

नोव्हेनाचे नऊ दिवस सरतात, तरी रोगी उठत नाही. मग देव ऐकतो तरी का, हा प्रश्न आपल्या घराघरांतून हलक्या आवाजात विचारला जातो. ‘विश्वास उणा पडला’ असे उत्तर देण्यास शेजारी तत्पर असतातच. त्या शेजाऱ्यांनी नागासाकीच्या भाविकांचा इतिहास अवश्य वाचावा, म्हणून ज्युबिलीच्या या अंकात तो सादर करीत आहे.

वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्या नगरीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर चढविण्यात आले, हे आपणांस ठाऊक आहेच. पुढे काय झाले, हे मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. १६१४ साली जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली आणि त्या शतकाच्या मध्यापर्यंत धर्मगुरू नाहीसे झाले. मिस्सा नाही, कुमसार नाही, मरणाऱ्यास अंत्याभ्यंग नाही. गावातील एकाने सणांची दिनदर्शिका राखावी, दुसऱ्याने बालकांस बाप्तिस्मा द्यावा, आणि जुन्या लॅटिन प्रार्थना, अर्थ विसरला तरी, बापाने मुलाकडून मुखोद्गत करून घ्याव्यात, असा क्रम चालला. (आपल्याकडील वृद्धाही लॅटिन लितानी अशाच म्हणत असत.)

नागासाकीत दरवर्षी प्रत्येकास प्रभूच्या अथवा पवित्र मारियेच्या प्रतिमेवर पाय ठेवावा लागे. पुष्कळांनी तो ठेवला, आणि घरी येऊन दार लावून पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. कोणी त्यांस भ्याड म्हणो. माझ्याने ते म्हणवत नाही. सात पिढ्यांनंतर मोठ्या जहाजांतून धर्मगुरू येतील व दर आठवड्यास कुमसार करता येईल, असे बास्तियान नामक धर्मशिक्षकाने मृत्यूपूर्वी सांगितले, अशी त्या भागातील परंपरा आहे. सात पिढ्या! म्हणजे ज्याने मागावे त्याच्या डोळ्यांना ते दिसू नये, हे ठरलेलेच. तरीही ते मागत राहिले.

१७ मार्च १८६५ रोजी त्याच सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने ओउरा येथे उभारलेल्या मंदिरात उराकामी गावची दहापंधरा माणसे आली. त्यांतील एका स्त्रीने फादर पेतिजाँ यांस हळूच सांगितले की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे, आणि मारियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले.

येथे लेखणी ठेवावी असा मोह होतो. परंतु १८६८ पासून त्याच उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांस हद्दपार करण्यात आले. सहाशेंवर तेथेच मरण पावले. १८७३ मध्ये बंदी उठली, तेव्हाही कित्येक गुप्त कुटुंबे ख्रिस्तसभेकडे परतली नाहीत. वाडवडिलांची रीतच त्यांनी धरून ठेवली. परतलेल्यांनी १८९५ साली विटांचे भव्य मंदिर आरंभिले व १९१४ साली पूर्ण केले.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी, देवमातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाची तयारी म्हणून त्या मंदिरात कुमसार चालला होता. अकरा वाजून दोन मिनिटांनी जवळच अणुबॉम्ब फुटला. उराकामीच्या सुमारे बारा हजार भाविकांपैकी साडेआठ हजारांच्या आसपास मृत्युमुखी पडले. ज्या कुमसारासाठी सात पिढ्या तळमळल्या, तो चालू असतानाच हे घडले. त्याच धर्मग्रामातील डॉ. नागाई ताकाशी यांनी मृतांच्या मिस्साप्रसंगी यास होमबली म्हटले. ते कित्येकांस पटले, कित्येकांस आजतागायत पटलेले नाही. मला त्याचा उलगडा करता येत नाही.

त्या वर्षीच्या नाताळच्या पूर्वसंध्येस उरलेल्या लोकांनी ढिगारा उपसून मंदिराची एक घंटा बाहेर काढली. ती अभंग होती. त्याच संध्याकाळी त्यांनी ती वाजविली.